मस्कत ते कल्हात : सहा दिवस, चार-पाच आडनावं आणि आमचं एन्रॉन

दिवस पहिला, मंगळवार

मुंबई ते मस्कत अडीच-तीन तास, आणि चिपळूण ते मुंबई विमानतळ किती तास ते मी सांगणार नाही कारण कोकणातल्या माणसाने हायवेबद्दल बोलायला सुरुवात केली की प्रवासवर्णन पनवेललाच संपतं. विमानात शेजारी खेडचे दोघं होते, सुट्टी संपवून परत निघालेले, दोघांच्याही बॅगेत आंबोशी आणि सुकट, आणि विमान वर जायच्या आधीच दोघंही झोपले. आखाताला जाणं ही त्यांच्यासाठी प्रवासाची गोष्टच नाही, आपण पुण्याला जातो तसं.

मला न्यायला मावसभाऊ आला होता. दादा बावीस वर्षं ओमानमध्ये आहे, चिपळूणच्या आयटीआयचा इन्स्ट्रुमेंट मेकॅनिक, आता सुपरवायझर, एका कंत्राटी कंपनीत जी तेलकंपनीची कामं घेते. कंपनी कोणाची? एका मोठ्या घराण्याची. नाव तो सांगतो पण मी लिहीत नाही, कारण 2020 मध्ये त्याचा पगार चार महिने रखडला होता आणि त्याबद्दल तो जे बोलतो ते लिहिण्यासारखं नाही.

गाडीत बसल्या बसल्या मी विचारलं, निसान का रे, इथे सगळे टोयोटा घेतात ना? तर म्हणाला, "टोयोटा सऊद बहवानकडे, निसान सुहेल बहवानकडे. दोघं भाऊ." मला वाटलं चेष्टा करतोय. पण नाही, खरंच दोघं सख्खे भाऊ, सूर गावचे, दर्यावर्दी घरातले, 1965 मध्ये मस्कतला लागूनच असलेल्या मत्राहच्या बाजारात एक छोटं दुकान टाकलं, 1975 ला टोयोटाची एजन्सी मिळाली, आणि 2002 मध्ये वाटणी झाली. टोयोटा एकाकडे गेली, मग दुसऱ्याने निसान वाढवली. आपल्याकडे भाऊ वेगळे झाले की अंगणात भिंत येते, इथे रस्त्यावर दोन ब्रँड आले.

संध्याकाळी वहिनींबरोबर सामान आणायला गेलो. वहिनींचा एक खेळ आहे, मुलं लहान असताना त्यांना गप्प बसवायला काढलेला. शेल्फवरच्या वस्तूकडे बोट दाखवायचं आणि विचारायचं, "भावोजी, हे कोणाचं?" म्हणजे ब्रँड कोणाचा ते नव्हे, इथे आणतो कोण. एरियल, पॅम्पर्स? खिमजी. पार्किंगमधली ती माझदा? टॉवेल. टॉवेल म्हणजे अंग पुसायचा नाही, डब्ल्यू. जे. टॉवेल नावाची कंपनी, 1866 ची, नाव अमेरिकन माणसाचं आणि गेली शंभराहून जास्त वर्षं मालकी सुलतान आडनावाच्या ओमानी घराण्याची (राजघराण्याशी संबंध नाही, नुसतं आडनाव). बाहेर लँड रोव्हर उभी होती, मी म्हणालो ही तर आपल्या टाटांची, वहिनी म्हणाल्या टाटांची तिकडे, इथे मोहसिन हैदर दरवेशची. मर्सिडीज झवावींची. मित्सुबिशी झुबेरची. मी सगळे पेपर नापास झालो.

बिल झालं तेरा रियाल आणि काहीतरी. एक रियाल म्हणजे आपले सव्वादोनशेच्या पुढे, त्यामुळे पहिल्या दिवशी माणूस प्रत्येक गोष्टीचा गुणाकार करतो आणि उपाशी राहतो. पण एक गंमत लक्षात आली, एका रियालचे हजार भाग, त्यातल्या एकेकाला म्हणतात बैसा. बैसा, म्हणजे आपला पैसा. अरबीत "प" नाही.

दिवस दुसरा, बुधवार

दादाची एक आठवडा सुट्टी होती (आत वाळवंटात कॅम्पवर काही आठवडे सलग काम, मग सुट्टी, असं रोटेशन असतं), तरी त्याला ऑफिसात कागद द्यायचे होते म्हणून मला मत्राहला सोडून गेला. माझा सगळ्यात आवडलेला दिवस हाच.

एका बाजूला समुद्र, त्याला लागून वळत जाणारा कॉर्निश (म्हणजे समुद्रकाठचा रस्ता), मागे काळे-तपकिरी कोरडे डोंगर, आणि मधल्या चिंचोळ्या पट्टीत जुनं गाव. बाजाराच्या तोंडाशी एक भिंत घातलेली वस्ती आहे, सूर अल लवातिया. बाहेरच्यांनी आत जायचं नाही असा रिवाज, मी गेलो नाही. दारातून दोन बायका बोलत बाहेर आल्या आणि मी थबकलो, कारण भाषा अरबी वाटेना, कानाला कच्छी-सिंधीसारखी लागत होती. लवाती लोक सिंधकडून काही पिढ्यांपूर्वी आलेले व्यापारी, शिया मुसलमान, आणि टॉवेलवाले सुलतान आणि दरवेश ही घराणी यांच्यातलीच. म्हणजे काल वहिनींच्या पेपरात मी नापास झालो त्यातली निम्मी उत्तरं या एका भिंतीच्या आत होती.

बाजारात लोबान, चांदीचे खंजर, बांगलादेशात शिवलेल्या ओमानी टोप्या आणि "हॅलो इंडिया, काश्मिरी शाल" म्हणणारे मल्याळी सेल्समन. हे सगळं टुरिस्टांसाठी, ते सोडून द्या. आतल्या गल्लीत एक म्हातारे नाणीवाले बसतात, त्यांच्याकडे अर्धा तास गेला. हिंदी आपल्या मुंबईसारखी, "क्या देखता है, बैठो". त्यांनी प्लास्टिकच्या पाकिटातून एक नोट काढली. वर रिझर्व्ह बँक ऑफ इंडिया, अशोकस्तंभ, सगळं आपलंच, पण रंग वेगळा आणि नंबराच्या आधी इंग्रजी झेड. हा गल्फ रुपया. 1959 मध्ये आपल्या रिझर्व्ह बँकेने फक्त आखातासाठी छापलेला, कारण त्याआधी इथे साधा भारतीय रुपयाच चालायचा आणि त्या वाटेने सोन्याची तस्करी होऊन आपलं परकीय चलन गळत होतं. 1966 ला भारताने रुपयाचं अवमूल्यन केल्यावर बाकीच्या अमिराती त्यातून बाहेर पडल्या, मस्कतमध्ये मात्र हा 1970 पर्यंत टिकला. नोटेची किंमत त्यांनी सांगितली ती ऐकून मी नोट अगदी अदबीने परत दिली. ते हसले आणि चहा मागवला. करक चहा, म्हणजे डब्यातलं दूध घालून आटवलेला, वेलची, साखर हवी त्याच्या दुप्पट.

तिथून टॅक्सीने जुन्या मस्कतला. राजवाड्याजवळच शंकराचं मंदिर आहे, मोतीश्वर, शंभराहून जास्त वर्षांचं. सुलतानाच्या राजवाड्याच्या इतक्या जवळ घंटा वाजते हे मी ऐकलं होतं, पण आत बसून ऐकताना वेगळंच वाटलं. आता खिमजींबद्दल सांगायची हीच जागा. कच्छमधल्या मांडवीहून रामदास ठाकरसी 1870 मध्ये इथे आले. धान्य, चहा, मसाले आणायचे आणि खजूर, सुके लिंबू, लोबान घेऊन जायचं असा तेव्हाचा धंदा. आज चार-पाच पिढ्यांनंतर खिमजी रामदास म्हणजे पी अँड जी, रोलेक्स, बांधकाम, जहाजं, काय नाही विचारा. कनकसी खिमजींना सुलतानाने शेख ही पदवी दिली, जगातला पहिला हिंदू शेख म्हणतात त्यांना. शाकाहारी, वैष्णव आणि शेख. ओमानात क्रिकेट रुजवलं त्यांनी. 2021 च्या फेब्रुवारीत ते गेले आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मस्कतजवळ अल अमरातच्या मैदानावर टी-20 वर्ल्डकपचे सामने झाले. आठ महिने थांबायला हवे होते.

मग बैत अल झुबेर. हे एका घराण्याने स्वतःच्या जुन्या घरात केलेलं म्युझियम, 1998 पासून लोकांना खुलं. खंजर, बंदुका, दागिने, बायकांचे कपडे, सगळं नीट मांडलेलं. ज्यांचं हे घर त्यातले मोहम्मद अल झुबेर हे एकेकाळी देशाचे व्यापार-उद्योगमंत्री आणि झुबेर ग्रुपचे संस्थापकही. मी दादाला रात्री विचारलं, मंत्री आणि धंदेवाला एकच कसा चालतो? दादा म्हणाला, 1970 मध्ये देशात हिशेब येणारी, परदेश बघितलेली माणसं होती किती? मंत्री करायचे तरी कोणाला?

मला वाटतं एवढ्यावर सुटका होत नाही, आणि तिथल्या लोकांनाही नसावी वाटत, कारण 2011 मध्ये सोहारला आणि इतर ठिकाणी तरुण पोरं नोकऱ्या आणि भ्रष्टाचार हे दोन विषय घेऊन रस्त्यावर आली, तेव्हा सुलतानाने जे मंत्री बदलले त्यात व्यापारमंत्री पण होते, आणि ते टॉवेलच्या सुलतान घराण्यातले होते. मात्र 1970 मध्ये देशाची अवस्था काय होती तेही बघायला पाहिजे. तीन शाळा. डांबरी रस्ता सगळा मिळून दहा किलोमीटर. रात्री मस्कतचे दरवाजे बंद व्हायचे आणि त्यानंतर बाहेर फिरायचं तर हातात कंदील पाहिजे असा हुकूम. जुने सुलतान सईद बिन तैमूर अजमेरच्या मेयो कॉलेजात शिकलेले, त्यांचे वडील गादी सोडून शेवटी मुंबईत राहिले आणि 1965 मध्ये मुंबईतच वारले. 23 जुलै 1970 ला मुलाने, काबूसने, गादी घेतली. तेल तीन वर्षं आधीच निघायला लागलं होतं, पैसा येत होता, बापाने खर्च केला नव्हता. मुलाने सुरू केला.

दिवस तिसरा, गुरुवार

कुरुमच्या टेकडीवरून खाली मीना अल फहल, म्हणजे तेलाचं बंदर, दिसतं. मी बंदर म्हणजे धक्का, क्रेन, कंटेनर असं काही शोधत होतो. काही नाही. किनाऱ्याला टाक्यांच्या रांगा आणि दूर समुद्रात दोन अजस्र टँकर जणू विसरून ठेवल्यासारखे. दादाने समजावलं की टँकर किनाऱ्याला येतच नाही, पाण्यात बोये आहेत, टाकीपासून समुद्राच्या तळावरून पाइप तिथपर्यंत जातो, टँकर बोयाला बांधतात, नळी जोडतात, भरतात आणि जातो. पहिला गेला 27 जुलै 1967 ला, मॉसप्रिन्स नावाचा, पाच लाख पिंपांहून जास्त घेऊन.

पीडीओचं तेल आणि वायूवरचं प्रदर्शन तिथेच आहे. पीडीओ म्हणजे पेट्रोलियम डेव्हलपमेंट ओमान, यात सरकार 60 टक्के, शेल 34, उरलेलं फ्रेंच टोटल आणि थायलंडची पीटीटीईपी (तिने 2019 मध्ये पार्टेक्स विकत घेतली). बघा, यात एकही घराणं नाही. मी इतकी वर्षं समजत होतो की आखातातला श्रीमंत शेख म्हणजे ज्याच्या घरामागे विहीर आहे. इथे विहीर सरकारची. घराण्यांनी विकलं ते त्या तेलाच्या पैशातून जे विकत घ्यायचं होतं ते. रस्ता करायचा तर सिमेंट, डंपर, ग्रेडर. घर झालं तर एसी. एसी आला तर फ्रिज, टीव्ही, गाडी, साबण. आणि 1977 च्या एजन्सीच्या कायद्यामुळे परदेशी कंपनीला इथे माल विकायचा तर ओमानी एजंट नेमावा लागायचा, मग जपानी माणूस विमानातून उतरून कोणाकडे जाणार? ज्याच्याकडे गोडाऊन आहे, मचवे आहेत, ज्याला मुंबईचा बाजार पाठ आहे आणि जो राजवाड्यात उधारीवर धान्य पोचवत आलाय त्याच्याकडे. पुढे तेलकंपनीला पण तीच घराणी लागली. रिगवर पाणी, खाणं, क्रेन, पाइप, वेल्डर, पत्र्याच्या खोल्या. दादा त्या साखळीत शेवटून दुसरा. शेवटचा त्याचा हेल्पर.

प्रदर्शनात शाळेची पोरं दंगा करत होती, त्यांच्यामागे उभं राहून मी फहूदची गोष्ट वाचली आणि ती मला इतकी आवडली की दादाला परत परत ऐकवून वात आणला. फहूद म्हणजे आत वाळवंटात कासवाच्या पाठीसारखी एक टेकडी. भूगर्भवाल्यांनी विमानातून बघूनच सांगितलं होतं की इथे तेल असणार. 1956 च्या जानेवारीत पहिली विहीर सुरू केली, सगळं सामान दुक्मच्या किनाऱ्यापासून वाळवंटातून ओढत आणलेलं, साडेतीन किलोमीटरहून खोल गेले, कोरडी. आणखी एक-दोन ठिकाणी खणलं, तिथेही काही हाताला लागलं नाही, शेवटी 1960 ला भागीदार कंटाळून सोडून गेले, राहिले शेल आणि पार्टेक्स. पुढे यिबालला सापडलं, नातीहला सापडलं आणि 1964 मध्ये परत फहूदला आले तर तेल तिथेच होतं, पहिल्या विहिरीपासून काहीशे मीटरवर. मधे जमिनीतला एक भंग होता आणि पहिली विहीर त्याच्या चुकीच्या अंगाला खणली गेली होती. आमच्याकडे बोअरवेल मारणाऱ्यांना हे सांगितलं पाहिजे, पाणाड्याला नारळ दिला होता का विचारतील.

संध्याकाळी दादाच्या ओळखीचे एक जण जेवायला आले, ते दक्षिणेला निम्रच्या बाजूला काम करतात. त्यांच्याकडून कळलं की आता इथल्या विहिरी तेलापेक्षा पाणी जास्त देतात, एका पिंपामागे नऊ-दहा पिंपं पाणी. ते पाणी खारट, तेलकट, करायचं काय? निम्रला वाळवंटात बोरूसारख्या गवताची मोठमोठी तळी केली आहेत, त्यातून ते पाणी वाहू देतात, मुळांशी वाढणारे जंतू तेल खातात. "पक्षी येतात हो," ते सांगत होते, "आम्ही तेलवाले, आणि माझ्या मोबाइलमध्ये सगळे फोटो बगळ्यांचे." दाखवले पण. बगळेच होते.

ओमानचं तेल सौदीसारखं सहज वर येत नाही. 2001 च्या सुमारास दिवसाला साडेनऊ लाख पिंपांच्या वर होतं, 2007 पर्यंत सात लाखांच्या आसपास घसरलं, मग वाफ सोडून, पॉलिमर सोडून, खेचून दहा लाखांवर आणलं. त्या वाफेला गॅस जाळायचा, आणि गॅस तर विकायचाय. म्हणून अमालच्या तेलक्षेत्रात काचेच्या घरात आरसे ठेवून उन्हावर वाफ करतात. मी म्हणालो, म्हणजे सूर्य वापरून तेल काढायचं? वहिनी म्हणाल्या, "आता पोळ्या थंड होतायत."

दिवस चौथा, शुक्रवार

पहाटे निझवा. शुक्रवारी बकऱ्यांचा बाजार भरतो. मध्ये गोल चबुतरा, मालक बकरी धरून गोल फिरतात, घेणारे कडेला बसलेले, कोणीतरी हात वर करतो, थांबवतो, दात बघतो, पाठीवर हात फिरवतो, भाव ओरडला जातो आणि फिरणं परत सुरू. काठी आणि कमरेला खंजर लावलेले म्हातारे, त्यांच्या शेजारी एअरपॉड लावलेली नातवंडं. साताऱ्याकडचा बैलबाजार बघितलेल्या माणसाला नवीन काही नाही, फक्त धूळ कमी आणि गाड्या महाग. पेट्रोल 239 बैसा लिटर, म्हणजे आपले पंचावन्नच्या आत, त्यामुळे बकरी लँडक्रूझरमधून घरी जाते.

किल्ला सतराव्या शतकातला, भला थोरला गोल बुरूज. वर चढल्यावर दादाने आतल्या बाजूला हात केला, "तिकडे फहूद." निझवाला इमाम, मस्कतला सुलतान, अशी दोन सत्तांची वाटणी होती. तेलवाल्यांना आत जायचं तर इमामाच्या मुलखातून जायला पाहिजे, मग 1954 मध्ये तेलकंपनीच्याच पैशावर सुलतानाची फौज उभी राहिली, आणि 1955 च्या डिसेंबरमध्ये सुलतान सलालाहहून मोटारींचा ताफा घेऊन वाळवंटातून निझवात आला. नंतर डोंगरात 1959 पर्यंत लढाई चालली. म्हणजे तेल हाताला लागायच्या काही वर्षं आधीच, फहूदला असेल या नुसत्या अंदाजावर देश एक झाला.

परत येताना अदमच्या रस्त्याला थोडं पुढे गेलो, दादाला तो कुठून आत जातो ते दाखवायचं होतं. काही नाही. रस्ता, तारेचं कुंपण, एक उंट. पांढऱ्या पिकअप एकामागून एक, दिवसाढवळ्या हेडलाइट लावून, अगदी मर्यादेतल्या वेगात. प्रत्येक गाडीत वेग मोजणारं यंत्र, जोरात ब्रेक मारला तरी नोंद होते, आणि निघायच्या आधी कुठून कुठे, कुठे थांबणार, किती वाजता पोचणार याचा फॉर्म भरायचा. दादा बावीस वर्षं हा फॉर्म भरतोय, त्यामुळे तो चिपळूणला आला की वहिनींना "मी बाजारात चाललो, साडेअकराला परत" असं सांगून जातो आणि साडेअकराला येतो. गावात त्याची चेष्टा होते.

दुपारी टपरीवर चिप्स ओमान. पराठ्यात चीज लावायचं, त्यावर चिप्सचं पाकीट चुरायचं, तिखट सॉस आणि गुंडाळी. पराठा करणारा केरळचा, चिप्स इथले. मी दोन खाल्ले.

दिवस पाचवा, शनिवार

यासाठी तर मी आलो होतो.

माझं आजोळ गुहागर तालुक्यात. आम्ही शाळेत असताना घरात, एसटीत, शृंगारतळीच्या बाजारात एकच शब्द, एन्रॉन, म्हणजे त्या अमेरिकन कंपनीचा दाभोळचा वीजप्रकल्प. कोणी बाजूने, कोणी विरोधात, मोर्चे, लाठ्या, करार समुद्रात बुडवायची भाषा, मग परत करार. बाबांचं तिथे इलेक्ट्रिकचं दुकान. मला एवढंच माहीत होतं की अंजनवेलला धुरांड्यांचं काहीतरी मोठं बांधतायत आणि दुसऱ्या टप्प्यात ते "थंड केलेल्या गॅसवर" चालणार, आणि तो जहाजाने येणार. कुठून? आखातातून. 2001 मध्ये सगळं बंद पडलं.

तो गॅस ओमानच्या किनाऱ्यावरच्या कल्हातहून येणार होता. ओमान एलएनजी (एलएनजी म्हणजे तोच थंड करून द्रव केलेला गॅस) या कंपनीने दाभोळला वर्षाला 16 लाख टन द्यायचा करार केला होता, म्हणजे तो प्लांट उभा करताना ज्या गिऱ्हाइकांवर भिस्त होती त्यात एक कोरिया आणि एक आमचं दाभोळ. हे मला गेल्या वर्षी कळलं आणि तेव्हापासून डोक्यात किडा.

मस्कत-सूर रस्ता सुंदर आहे, डावीकडे समुद्र, उजवीकडे डोंगर, मधे वादी शाब (वादी म्हणजे डोंगरातली दरी) वगैरे, पोहणाऱ्यांना मजा. आम्ही थांबलो नाही. सूरच्या थोडं अलीकडे आधी कल्हातचे अवशेष लागतात. बीबी मरियमची मोडकी घुमटी, दगड, खाली निळं पाणी. एकेकाळचं मोठं बंदर, जुना प्रवासी इब्न बतूता येऊन गेला, इथून घोडे हिंदुस्थानात जायचे. आणि तिथून पुढे वळलं की प्लांट. नळ्या, मनोरे, बुटक्या रुंद टाक्या आणि समुद्रात लांब गेलेला धक्का. फोटो काढायला बंदी, दादाने आधीच दम दिला होता.

आम्ही रस्त्याच्या कडेला थांबलो. आत साडेतीनशे किलोमीटरवर सैह रौलहून पाइपने गॅस येतो, इथे उणे 162 अंशाला नेला की द्रव होतो, सहाशे घनफुटांचा एक घनफूट होतो, तो थर्मासच्या बाटलीसारख्या जहाजात भरायचा. एप्रिल 2000 मध्ये पहिलं जहाज कोरियाला गेलं. दाभोळला जायचं ते गेलंच नाही, तो गॅस मग दुसऱ्यांनी घेतला, प्लांट थांबला नाही, उलट पुढे तिसरी लाइन टाकली. आमच्याकडची यंत्रं गंजत पडली, सरकारी कंपन्यांनी ताबा घेतला, गॅसचा धक्का सुरू व्हायला 2013 उजाडलं. मला राग आला का? थोडा. पण कोणावर ते ठरेना. वाऱ्याला केरोसीनसारखा काही वास नव्हता, नुसती खारी हवा, आणि माझ्या मनात आपलं काहीतरी इथे राहिलंय असं, जसं एखाद्या लग्न मोडलेल्या घरासमोर उभं राहावं.

दादाने गाडी चालू केली आणि शंभर मीटरवर परत थांबवली. "हे बघ, हे लागलं की नाही आपल्याला." शेजारी खताचा कारखाना, ओमिफको. निम्मा ओमानचा, उरलेला आपल्या इफको आणि क्रिभकोचा, 25-25 टक्के. त्याच गॅसपासून अमोनिया, त्यापासून युरिया, वर्षाला साडेसोळा लाख टन, 2005 पासून, आणि कित्येक वर्षं तो भारत सरकार घेत होतं. बाबा निवृत्त झाल्यापासून शेती करतात, अर्धा एकर भात. म्हणजे गॅस दाभोळला जहाजाने नाही आला, गोणीतून आला असेल.

सूर गाव संध्याकाळी फार छान. जुनी लाकडी जहाजं बांधणारं गाव, साग मलबारचा. फतह अल खैर नावाचं 1951 सालचं गंजा जातीचं जहाज मांडून ठेवलंय, येमेनहून 1993 मध्ये परत विकत आणलेलं. बहवान भाऊ या गावचे. जहाजाच्या मागच्या नक्षीवर हात फिरवला तर रत्नागिरीच्या एखाद्या जुन्या वाड्याच्या तुळईची आठवण यावी. रखवालदाराने हटकलं.

रात्री रस्ताभर दादा बोलत होता, एरवी बोलत नाही. आता दिवस बदलतायत म्हणाला. 2020 पासून बऱ्याच धंद्यांत परक्याला 100 टक्के मालकी चालते, म्हणजे एजंट हवाच असं नाही. 2021 मध्ये नोकरी बदलायला जुन्या मालकाचा दाखला लागणं बंद झालं आणि व्हॅट पण त्याच वर्षी आला. 2028 पासून वर्षाला 42 हजार रियालच्या वर मिळकत असणाऱ्यांना पाच टक्के इन्कम टॅक्स, आखातात पहिल्यांदा. दादाला तो लागणार नाही. त्याच्या मालकाला लागेल. हे सांगताना दादा बराच खूश दिसला. आणि ओमानीकरण, म्हणजे ठरावीक जागांवर ओमानी पोरं घ्यायचीच. त्याच्या हाताखाली आता दोन आहेत. "हुशार आहेत रे. एकाला मीच शिकवतोय. तो शिकला की मी घरी." मी विचारलं मग शिकवतोस कशाला? तो बराच वेळ काही बोलला नाही, मग म्हणाला, आयटीआयत सरांनी मला शिकवलं तेव्हा त्यांनी हा विचार केला असता तर.

दिवस सहावा, रविवार

सकाळी हलवा घेतला. ओमानी हलवा म्हणजे आपल्या माहीमच्या हलव्याचा नव्हे, बॉम्बे कराची हलव्याचा चुलतभाऊ, केशर, गुलाबपाणी, वर बदाम, चमच्याने खायचा. वहिनींनी डबा पिशवीत घालताना विचारलंच, "भावोजी, हा डबा कोणाचा?" मी म्हणालो तुमचा, परत आणून देतो. तेवढा एक मार्क मिळाला.

बाकी विमानतळ, फ्लाइट, पनवेल, हायवे.

घरी आल्यावर बाबांना मोबाइलवर लांबून, सूरच्या बाजूने काढलेला समुद्राचा फोटो दाखवला, प्लांट त्यात नाहीच, नुसतं पाणी आणि क्षितिजावर एक ठिपका, तो गॅसचं जहाज असावा. बाबांनी चष्मा वर करून, फोटो मोठा करून, बराच वेळ बघितला. दाभोळच्या धक्क्याला लाटा अडवायचा बांध पुरा नव्हता म्हणून वर्षानुवर्षं पावसाळ्यात जहाजं लागत नसत, हे आमच्याकडे पोराटोरांना माहीत आहे.

"तिकडे पावसाळ्यात कसं लावतात रे जहाज?"

"तिकडे पावसाळा नाहीये बाबा."

"हां," बाबा म्हणाले, आणि हलव्याच्या डब्याचं झाकण उघडायला लागले.